निरंक

अर्ज क्रमांक दोनशे सतरा. नांतहेलीचं जुनं दगडी कोठार,
राहत्या घरात रूपांतर.
सोबत नकाशे, छायाचित्रं, चलनाची पावती
आणि वन्यजीव अहवाल, पानं चौसष्ट.
पान एकोणीस. वटवाघळं: निरंक.
घुबडं: निरंक.
पाहणी अकरा जानेवारी, सकाळी सव्वादहा.

मी तारखेखाली पेन्सिलीनं रेघ मारली.
जानेवारीत वटवाघूळ शोधायचं म्हणजे
मध्यरात्री कुणाचं दार वाजवायचं
आणि आतून ओ आली नाही म्हणून लिहायचं,
घर रिकामं आहे.

पान तेविसावर एक नदी वाहते.
नांतहेलीला नदी नाही. ओढा आहे,
त्याला गावात कुणी नावानं हाकही मारत नाही.
ही नदी दुसऱ्याच कुठल्या अहवालातून
वाहत आलेली, गावाचं नाव बदललं, तिचं राहिलं.
सोबत दोन पाणमांजरं, फुकट.

इतर जे वाचत नाहीत ते वाचणं, एवढंच माझं काम.
टेबलावर अठ्ठावीस अर्ज, मुदत शुक्रवार,
आणि कपातीनंतर माझ्या पदाला उरलेत
आठवड्यातले अडीच दिवस.
ग्विलिम साहेब वाईट माणूस नाही.
म्हणाला, कोठारच तर आहे, नेरिस,
कुणी राहत नाही तिथं.

गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी बस पकडली.

एम्लिन प्रॉसरनं फाटक उघडलं, बोलला नाही.
कुत्रीच काय ती बोलली.
कोठारामागे एक कॅरॅव्हॅन, खिडकीला पुठ्ठा,
दारात गॅसची टाकी आणि लहान मुलांचे चार बूट.
मुलगी माझी, लोवरी, तो म्हणाला. दोन हिवाळे काढले तिनं त्यात.
मी मान हलवली.
मान हलवण्यासाठी अहवालात रकाना नसतो.

आत अंधार, जुन्या गवताचा वास.
तुळईखाली तांदळाएवढे काळे दाणे.
एक चिमटीत धरला. उंदराची लेंडी टणक राहते.
हा दाणा पिठासारखा भुरभुरला
आणि बोटांवर चमचम राहिली,
पतंगांचे पंख, गेल्या उन्हाळ्याचे.

मग मी वर पाहिलं. त्रिकोणी भिंतीत, अगदी टोकाला,
चौकोनी भोक, कडा घासून गुळगुळीत,
खाली टेकायला दगडाची फळी.
हे कशासाठी?
घुबडासाठी, तो सहज म्हणाला. आजोबांनी ठेवलं.
उंदीर खातं ना ते. दर साली येतं.
म्हणाला आणि थांबला.
आपण काय बोललो ते त्याला कळलं,
मला कळलं हेही.
बराच वेळ आम्ही दोघं त्या चौकोनी उजेडाकडे बघत राहिलो.

त्या पाहणीवाल्यानं मला विचारलंच नाही, तो म्हणाला.
तुम्ही विचारलंत.
जणू विचारणं ही माझी चूक,
आणि सांगणं ही त्याची.

सबब, सदर अर्ज मे महिन्यापर्यंत स्थगित.
लोवरीला कळलं तेव्हा ती पुठ्ठ्याची खिडकी पुसत होती.
पुठ्ठा पुसून काय होणार.

मे महिन्यात, सूर्य गेल्यावर, मी खुर्ची टाकून बसले,
हातात मोजणीयंत्र.
शेजारी लोवरीचा धाकटा, बूट उलटे घातलेले,
फ्रॉकच्या ओच्यासारखी बनियन धरून,
तीत ओढ्यातले खडे.
एक वटवाघूळ बाहेर, एक खडा जमिनीवर.
मागे लोवरी, हाताची घडी.
मग घर कधी, तिनं विचारलं.
ऑक्टोबरनंतर, मी म्हटलं,
आणि उत्तरेकडचं छत तसंच सोडून.
ती बोटांवर महिने मोजू लागली.

घुबड त्या रात्री आलं नाही.
तरी मी निरंक लिहिलं नाही.
वटवाघळं: एकेचाळीस.
शेरा: दुसऱ्या निरीक्षकाच्या मते त्रेचाळीस.
निरीक्षकाचं वय वर्षं सहा. खडे तपासले,
बरोबर आहेत.